उडती तबकडी बनवायचीय? आधी ती वहीत उडवून बघा

मे महिन्यात भाचा डोंबिवलीहून आला तो हातात ड्रॉइंग घेऊनच. "मामा, कॉलेजच्या प्रोजेक्टला हे करणार, गोल तबकडी, मधे एकच पंखा, बाहेरून कुठेच पातं दिसत नाही." मी बघितलं आणि हसायला आलं, कारण अशीच एक उलटी परात मी बारा-तेरा वर्षांपूर्वी थर्माकोलची बनवली होती, आणि ती आमच्या गच्चीवर वरच्या काकूंच्या कुरडयांच्या वाळवणात जाऊन पडली होती. गच्चीची चावी पुढे वर्षभर मिळाली नाही ती वेगळी गोष्ट.

तर त्या दिवशी त्याच्यासोबत बसून वहीत जे केलं तेच इथे सविस्तर लिहितोय, कोणाला असलं काही बनवायचं असेल तर पैसे घालायच्या आधी एक संध्याकाळ यात घालवा.

पहिली गोष्ट म्हणजे "हे उडेल का?" हा प्रश्नच अर्धवट आहे. गोल वस्तू पंख्याने वर उचलली जाते, त्यात काही विशेष नाही, पुरेसा पंखा लावला तर पाट पण उचलला जाईल. खरे प्रश्न तीन आहेत. उचलायला किती ताकद खाते, छातीच्या उंचीवर गेल्यावर शांत राहते का, आणि पुढे जायला लागली की तोंड वर करते का. पहिल्या प्रश्नावर लोक महिनोन् महिने घालवतात आणि डिझाइन मरतं दुसऱ्या नाहीतर तिसऱ्यावर.

ताकदीचा हिशोब

घरातला सीलिंग फॅन आठवा आणि किचनमधला एक्झॉस्ट फॅन आठवा. सीलिंग फॅन मोठा, निवांत फिरतो, खोलीभर हवा ढकलतो आणि आवाज फारसा नाही. एक्झॉस्ट छोटा, जोरात फिरतो, नुसता बोंबलतो. वजन उचलायचं तर भरपूर हवा हळू ढकलणं स्वस्त पडतं, थोडी हवा जोरात ढकलणं महाग. हेलिकॉप्टरचा रोटर एवढा अवाढव्य असतो तो याच्यासाठीच.

सूत्र एका ओळीचं आहे (थ्रस्ट म्हणजे पंख्याचा वर उचलणारा जोर):

ताकद = थ्रस्ट × √(थ्रस्ट ÷ (२ × हवेची घनता × पंख्याचं क्षेत्रफळ))

ही आदर्श ताकद, म्हणजे उघडा पंखा याच्याखाली जाऊच शकत नाही, मग तुमचं डिझाइन कितीही भारी असो. थ्रस्ट न्यूटनमध्ये, क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये, उत्तर वॅटमध्ये. हवेची घनता पुस्तकात १.२२५ देतात पण ती १५ अंशांची कोरडी हवा, आपल्या मुंबईच्या घामट दुपारी १.१५ धरा.

आता भाच्याची तबकडी. व्यास ४५ सेंटीमीटर, सगळं मिळून वजन ५०० ग्रॅम, म्हणजे थ्रस्ट ४.९ न्यूटन हवा. समजा तबकडी वगैरे काही नाही, ४५ सेंटीमीटरचा उघडा पंखाच आहे, तर क्षेत्रफळ ०.१५९ आणि आदर्श ताकद येते १८ वॅट. त्याच्या ड्रॉइंगमध्ये मात्र पंखा मधल्या १५ सेंटीमीटरच्या भोकात होता. त्याचं उत्तर ५४ वॅट. बरोब्बर तिप्पट, कारण वजन तेच ठेवून पंख्याचा व्यास एक तृतीयांश केला की ताकद तिप्पट होते, हे एवढं लक्षात ठेवलं तरी अर्धं काम झालं.

पण हा आदर्श आकडा. छोट्या पंख्याचं पातं, मोटर, स्पीड कंट्रोलर सगळे आपापला कट काढून घेतात, माझ्या अंदाजाने बॅटरीतून निघालेल्या ताकदीतली साधारण पस्तीस टक्के हाती लागते. म्हणजे १८ चे झाले ५० च्या आसपास, आणि ५४ चे झाले दीडशेच्या वर. ११.१ व्होल्टची १३०० एमएएचची लिपो (लिथियम पॉलिमर बॅटरी) घेतली, तिच्यातली ८० टक्केच वापरली (जास्त पिळली तर फुगते), तर उघडा पंखा तेरा मिनिटं आणि भोकातला पंखा साडेचार मिनिटं. भाच्याचा चेहरा इथे पहिल्यांदा पडला. म्हटलं अरे बाबा, सगळ्याचं सोंग आणता येतं, थ्रस्टचं येत नाही.

मग त्याने विचारलं, पंखा मधे न ठेवता कडेला ठेवला तर? मधे बंद तबकडी, आणि बाहेरच्या कडेला पातींची रिंग फिरते. प्रश्न चांगला आहे, कारण इथे भूमिती आपल्या बाजूने आहे. मधला ३० सेंटीमीटरचा भाग पूर्ण झाकला तरी क्षेत्रफळ फक्त ४४ टक्के जातं, आणि आदर्श ताकद १८ वरून २४ वॅट, बास. कागदावर कडेची रिंग मधल्या भोकापेक्षा कितीतरी सरस. घोळ बनवण्यात आहे. मधला पंखा एका शाफ्टवर बसतो, ही रिंग मात्र दीड फूट व्यासाच्या घेरावर बेअरिंगने धरून फिरवायची, जरा गोलाई चुकली की थरथर, आणि एवढं वजन कडेला फिरत असलं की ती भोवऱ्यासारखी वागते, पुढे वाकवायला जावं तर बाजूला वाकते. घरी करण्याची गोष्ट नाही. थ्रीडी प्रिंटर असेल आणि सहनशक्ती असेल तर करा.

डक्टची सवलत

भोकातल्या पंख्याच्या बाजूने एक मुद्दा आहे तो पण सांगतो, नाहीतर अन्याय होईल. पंख्याभोवती नीट घडवलेली नळी, म्हणजे डक्ट, असेल तर खालचा झोत आकसत नाही, आणि तेवढ्याच थ्रस्टला आदर्श ताकद २९ टक्क्यांपर्यंत कमी लागू शकते. ५४ चे ३८. प्रत्यक्षात त्यातला निम्मा फायदा मिळाला तरी नशीब म्हणायचं, आणि तोही दोन अटींवर. पात्याचं टोक आणि भिंत यात फट व्यासाच्या एक टक्क्याच्या आसपास, म्हणजे १५ सेंटीमीटरला दीड मिलिमीटर. आणि भोकाचा वरचा ओठ गोल, जाडजूड. धारदार कड ठेवली तर हवा आत वळताना फाटते आणि डक्टचं नुसतं वजन उरतं. ओठासाठी माझा जुगाड म्हणजे एसीच्या पाइपवरचं काळं इन्सुलेशन, उभं चिरलं की कडेवर मस्त बसतं.

नेटवर अजून एक प्रकार दिसतो, पंखा वर, खाली घुमटासारखा गोल पृष्ठभाग, हवा त्याला चिकटून वळते आणि खाली जाते. रोमानियाचे आँरी कोआंडा यांच्या नावाने ओळखला जातो तो परिणाम, आणि तो खरा आहे, नळाच्या धारेला चमच्याची पाठ लावा, धार वळते. पण वळलेल्या हवेतून फुकटची उचल तयार होत नाही. शेवटी खाली किती हवा किती वेगाने गेली एवढंच मोजलं जातं आणि घुमटावर घासून वेग कमीच होतो. मी एकदा तोच पंखा घुमटासकट आणि घुमटाशिवाय काट्यावर लावला होता, घुमट लावल्यावर आकडा निम्म्याजवळ आला. तेव्हापासून मी त्या व्हिडिओंच्या खाली कमेंट करणं सोडून दिलंय.

छातीच्या वर गेल्यावर काय होतं

इथे खरी गंमत आहे, आणि इथेच जगातली सगळ्यात प्रसिद्ध तबकडी फसली. कॅनडातल्या ॲव्ह्रो कंपनीत जॅक फ्रॉस्ट नावाच्या इंजिनिअरने अमेरिकी लष्करासाठी ॲव्ह्रोकार बनवली. व्यास साडेपाच मीटर, तीन जेट इंजिनं, त्यांच्या झोतावर फिरणारा मधला दीड मीटरचा पंखा, त्याला १२४ पाती, आणि सगळी हवा आतून नेऊन कडेच्या फटींतून खाली. स्वप्न ताशी ४८० किलोमीटरचं होतं. १२ नोव्हेंबर १९५९ ला दोरीशिवाय पहिल्यांदा उडाली आणि मग कळलं की तीनेक फुटांच्या वर गेली की डुगडुगते. ताट फरशीवर पडलं की कडेवर कसं गोल गोल हलत राहतं, अगदी तसं. वेग कसाबसा ५६ किलोमीटर. डिसेंबर १९६१ मध्ये प्रोजेक्ट बंद.

कारण समजून घ्या कारण तुमच्याही तबकडीला हेच होणार आहे. कडेने गोल झोत खाली सोडला की जमिनीजवळ तो बाहेर पसरतो आणि पोटाखाली हवेची गादी तयार होते, त्या गादीवर तबकडी आरामात बसते. होव्हरक्राफ्ट याच गादीवर चालतं, त्याच १९५९ साली जुलैमध्ये एका होव्हरक्राफ्टने इंग्लिश खाडी पार करून दाखवली होती. पण उंची वाढवली की गादी फुटते, कडेचे झोत मधे येऊन एकत्र होतात आणि झाडाच्या खोडासारखा एकच झोत बनतो, ते खोड इकडेतिकडे सरकत राहतं आणि वर तबकडी डोलते. माझी परात गुडघ्याएवढ्या उंचीवर इतकी शांत होती की मी मित्राला म्हटलं "बघ, हात सोडलाय", आणि तेवढ्यावर थ्रॉटल वाढवला. पुढचं काकूंना विचारा.

म्हणून टेस्टचा नियम असा की तबकडीच्या व्यासाच्या किमान दीड-दोन पट उंचीवर जे होतं तेच खरं. टेबलापासून वीतभर वर उचलली गेली म्हणून पेढे वाटू नका.

वजनाचा हिशोबही इथे बघण्यासारखा आहे. ॲव्ह्रोकार सुमारे अडीच टनांची, वजनाला मधल्या पंख्याच्या क्षेत्रफळाने भागलं तर चौरस मीटरमागे तेराशे किलोच्या वर जातं. (हवा शेवटी कडेने बाहेर पडते म्हणून ही तुलना काटेकोर नाही, पण अंदाज येतो.) रॉबिन्सन आर-२२ हे दोन सीटचं छोटं हेलिकॉप्टर, ६२२ किलो, रोटर ७.६७ मीटर, तिथे हाच आकडा साडेतेरा किलो. शंभरपट फरक.

ताटलीचा प्रयोग

तिसरा प्रश्न, पुढे जाताना तोंड वर करणं. याला पैसे लागत नाहीत, वाढदिवसाची उरलेली कागदी प्लेट घ्या. व्यासावर मधोमध सेलोटेपने दोरा चिकटवून उभी टांगा आणि टेबल फॅनसमोर धरा. प्लेट धार वाऱ्याकडे करून राहायला तयारच होत नाही, फिरते आणि पूर्ण छाती वाऱ्याला देते. आता दोरा मधून काढून पुढच्या कडेपासून पाचव्या हिश्शावर लावा, २० सेंटीमीटरच्या प्लेटला ४ सेंटीमीटरवर. आता ती वातकुक्कुटासारखी सरळ वाऱ्याच्या रेषेत राहते.

अर्थ असा की गोल पंखावर वाऱ्याची उचल मधोमध लागत नाही, पुढे लागते, पुढच्या कडेपासून साधारण पाव व्यासावर. तुमचा पंखा, बॅटरी, सगळं वजन मात्र मधोमध. मग वेग घेतला की पुढची कड वर. त्यात डक्ट असेल तर अजून एक भर, आडवी येणारी हवा भोकात वळवताना ओठाच्या पुढच्या भागावर जास्त ओढ लागते आणि ती पण तोंड वरच करते. अमेरिकेत १९५५ साली हिलर कंपनीने एका डक्टवर माणूस उभा करून उडवला होता, माणूस झुकेल तिकडे यंत्र जायचं, कल्पना झकास, पण वेग वाढला की डक्टच तोंड वर करून ब्रेक लावायचा.

फ्रिजबी कशी जाते मग? ती गरगर फिरते म्हणून. स्वतः फिरणाऱ्या तबकडीवर कॅमेरा लावून बघा काय दिसतं ते.

उपाय आहेत पण प्रत्येकाची किंमत आहे. वजन पुढे घेतलं तर जागेवर उभी असताना पुढे कलणार. मागे शेपटी लावली तर तबकडी उरली नाही. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे जायरोवाला इलेक्ट्रॉनिक फ्लाइट कंट्रोलर, कलणं ओळखून आपोआप सावरणारा छोटा बोर्ड, जो फ्रॉस्टकडे नव्हता आणि आपल्याला मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळतो. त्यावर चालणाऱ्या आर्दूपायलट या सॉफ्टवेअरमध्ये सिंगलकॉप्टर आणि कोॲक्सकॉप्टर असे तयार प्रकार आहेत, पहिल्यात एक पंखा आणि खाली झोतात चार पट्ट्या, प्रत्येकीला वळवायला ९ ग्रॅमचा सर्वो, म्हणजे छोटी मोटर. त्याच पट्ट्या सगळ्या एका दिशेला वळवल्या की तबकडीचं उलटं गरगरणंही थांबतं, ते विसरलात तर पंखा एका बाजूला आणि तबकडी दुसऱ्या बाजूला फिरत बसेल. दोन पंखे एकावर एक उलट फिरणारे लावले तर तो प्रश्नच मिटतो. सिकोर्स्कीची सायफर नावाची गोल ड्रोन, नव्वदच्या दशकातली, सुमारे दोन मीटरची, नीट उडली. तिच्यात हेच होतं, रिंगच्या आत उलटे फिरणारे दोन रोटर आणि पात्यांचा कोन बदलून कंट्रोल. म्हणजे ती आतून हेलिकॉप्टरच होती.

भाचा तेवढ्यात म्हणाला, "पण मामा, चौपाटीवर तळपद्यांनी १८९५ मध्ये विमान उडवलं म्हणतात…" हा विषय निघाल्याशिवाय मराठी घरात विमानाची चर्चा संपत नाही. त्याला म्हटलं तळपद्यांबद्दल आदर ठेव, पण हिशोब कसा तपासतात ते बंगळुरूच्या आयआयएस्सीकडून, म्हणजे भारतीय विज्ञान संस्थेकडून, शिक. १९७४ मध्ये तिथल्या पाच जणांनी वैमानिक शास्त्र या, प्राचीन विमानविद्येचा म्हणून सांगितल्या जाणाऱ्या ग्रंथातली ड्रॉइंग्ज घेतली. त्यातल्या रुक्म विमानाला उभ्या नळ्या आणि वर हवा ओढणारे पंखे आहेत, म्हणजे आपल्याच जातीचं डिझाइन. वाद घालत बसण्यापेक्षा त्यांनी आकार, वजन, ताकद मांडली आणि निष्कर्ष काढला की यातलं एकही उडू शकत नाही. ज्याला आपल्या तबकडीचं प्रेम आहे त्याने तेच करावं.

बनवायचंच ठरलं तर

बॉडीला पाच मिलिमीटरचा फोम बोर्ड किंवा डेप्रॉन. सनपॅक शीट स्वस्त असते पण जड, घेऊ नका. थर्माकोलला फेविक्विक लावू नका, विरघळतं, मी लावलंय. मोटर, स्पीड कंट्रोलर, लिपो लॅमिंग्टन रोडला, दोन-तीन दुकानं फिरा आणि मोटरचा थ्रस्ट किती सांगतोय त्यावर विश्वास न ठेवता घरी मोजा.

मोजायला आईचा किचनमधला डिजिटल काटा. मोटर जड लाकडाच्या ठोकळ्यावर पक्की करून काट्यावर ठेवा, पंखा असा लावा की हवा वर फेकेल, म्हणजे थ्रस्ट काट्याला खाली दाबेल. काटा आधी शून्यावर. वजनाच्या दीडपट तरी थ्रस्ट दिसला पाहिजे, ५०० ग्रॅमच्या तबकडीला साडेसातशे. बरोबर उचलण्यापुरता असेल तर ती उठेल पण सावरायला हातात काही उरणार नाही. डोळ्यावर चष्मा घाला आणि पात्याच्या पातळीत कोणाला उभं करू नका, १५ सेंटीमीटरचं प्लास्टिकचं पातं बोट सोलतं. लिपो चार्जिंगला लावून झोपायचं नाही, आणि लोकलमध्ये नेताना कनेक्टरला टेप.

बाहेर उडवायचं असेल तर आधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलचा, कुठे उडवता येतं ते दाखवणारा नकाशा उघडा. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यावर दोन किलोपर्यंत मायक्रो, म्हणजे आपली परात मायक्रो. मुंबईत विमानतळ, नौदल, काय काय आहे, शिवाय पोलिसांचे ड्रोनबंदीचे आदेश अधूनमधून निघत असतात, त्यामुळे मी सरळ सोसायटीचा हॉल घेतो. दुपारचा समुद्राचा वारा गच्चीवर नसता घोळ करतो तो पण हॉलमध्ये नाही. सेक्रेटरीला "शाळेचा प्रयोग" सांगितलं की चालतं. हॉलचे सीलिंग फॅन तेवढे बंद करा, आम्ही पहिल्या दिवशी विसरलो आणि अर्धा तास कंट्रोलरला शिव्या घातल्या.

दोरी मासेमारीची, मांजा नाही. एक टोक तबकडीच्या पोटाला, दुसरं पाण्याने भरलेल्या पाच लिटरच्या कॅनला. पहिल्या दिवशी दोरी ३० सेंटीमीटर, गादीवर बसू दे, सर्वो उलटे लागलेत का ते इथेच कळतं. मग ६०, मग ९०. ६० ते ९० च्या मधे कुठेतरी डुगडुगणं सुरू होतं, तिथे थांबून कंट्रोलरचे आकडे बदलायचे, एका वेळी एकच, आणि वहीत लिहायचं. पट्ट्या जेवढ्या खाली नेता येतील तेवढ्या न्या, वजनापासून लांब असल्या की कमी वळून जास्त काम करतात.

भाच्याने शेवटी मधलं भोक १५ वरून २५ सेंटीमीटर केलं. आदर्श ताकद ५४ वरून ३२ वर आली, तबकडी आता खरं तर जाड कडेची रिंग दिसते आणि त्याला ते अजिबात आवडलेलं नाही. दोरी सध्या ९० वर आहे. पुढच्या रविवारी हॉल सकाळी सातला मिळालाय, नऊला लेझीमवाले येतात, तेवढ्यात एक मीटर वीस झालं तर बघू.